मूलभूत हक्क की मूलभूत अधिकार?

शब्दवेडी
आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर २६ नोव्हेंबरच्या आत संविधानातले सहा हक्क रंगवून घ्यायचे आहेत. रंगाऱ्याला मी 'मूलभूत हक्क' असा मथळा लिहून दिला. दोन सहकारी म्हणाले, 'मूलभूत अधिकार' लिहा, ते भारदस्त वाटतं आणि बातम्यांतही हल्ली तेच ऐकू येतं. मला 'हक्क'च बरोबर वाटतं, पण का, ते नीट सांगता येईना. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? रंग चढला की पुसता येणार नाही, म्हणून आधी विचारते.

काळा कोट
'हक्क'च ठेवा. संविधानाच्या अधिकृत मराठी पाठात तिसऱ्या भागाचं नावच 'मूलभूत हक्क' आहे. समानतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शोषणाविरुद्धचा हक्क, असं सगळीकडे. 'अधिकार' हा शब्द त्या पाठात राष्ट्रपती, राज्यपाल, संसद आणि न्यायालयं यांच्यासाठी येतो. कार्यकारी अधिकार, कायदे करण्याचा अधिकार, वगैरे.

हिंदीत वाटणी वेगळी आहे. तिथे नागरिकाकडे 'मूल अधिकार' आणि सरकारकडे 'शक्ति'. हिंदीला ते चालतं, कारण सरकारसाठी तिच्याकडे दुसरा शब्द आहे. आपण मात्र हिंदीतून 'अधिकार' उचलून नागरिकाला देतो आणि सरकारसाठीही तोच ठेवतो. मग 'अधिकारांवर मर्यादा' असा मथळा वाचल्यावर मर्यादा कलेक्टरवर आली की माझ्यावर, हे बातमी पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही. संविधानाचं निम्मं काम याच दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचं आहे.

सोबतची क्रियापदं पाहा. हक्क आपण सांगतो, मागतो, बजावतो. दुसरा तो डावलतो किंवा हिरावतो. अधिकार दिला जातो, सोपवला जातो, काढून घेतला जातो. माणूस तो वापरतो, नाहीतर गाजवतो. 'हक्क गाजवला' हे कानाला लगेच खटकतं. मुख्यमंत्री सचिवाला अधिकार सोपवू शकतात, पण माझा जगण्याचा हक्क मी कुणाकडे सोपवू शकत नाही. आणि ज्याला हक्क असतो तो हक्कदार, ज्याला अधिकार असतो तो अधिकारी. मराठी माणसाला एवढं पुरे व्हावं.

निवृत्त तलाठी
वकीलसाहेब म्हणतात तितकं ते सरळ नाही. आयुष्यभर ज्या कागदावर सह्या केल्या त्या सातबाऱ्याच्या गाव नमुना सातचं नाव 'अधिकार अभिलेख पत्रक'. त्यातल्या रकान्यावर 'इतर अधिकार' छापलेलं असतं. पण गावात कुणीही 'माझं नाव इतर अधिकारात आहे' म्हणत नाही. 'बहिणीचं नाव इतर हक्कात लागलंय' असंच म्हणतात. बहिणीने नाव सोडलं तर ते हक्कसोडपत्र. छापील शब्द एक, बोलण्यातला दुसरा, आणि माझ्या मते लोकांचा शब्द जास्त नेमका.

दुसरं म्हणजे 'हक्क' हा शब्द पूर्वी फार चांगल्या घरचा नव्हता. जुन्या कागदांत देशमुखांचे हक्क, पाटलाचे हक्क, बलुतेदारांचे हक्क असे उल्लेख सापडतात. ते जन्माने मिळायचे, वतनाबरोबर चालायचे, आणि एकाच्या हक्कापायी दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं यायचं. महार वतन हे तर नावाला वतन होतं. दिवसरात्र सरकारची आणि गावाची कामं करायची, मोबदला जेमतेम. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात त्यासाठी विधेयक मांडलं. गावची कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे जो शब्द शेकडो वर्षं ठरावीक घराण्यांचा होता, तोच संविधानाच्या मराठी पाठात 'कोणत्याही व्यक्ती'चा झाला. चौदाव्या आणि एकविसाव्या कलमात तर 'नागरिक' असंही म्हटलेलं नाही, व्यक्ती म्हटलंय. परदेशी माणसालाही ते लागू आहे. मला या शब्दाचा हा प्रवास फार मोलाचा वाटतो. बाईंनी 'हक्क' रंगवावा तो यासाठी.

कोकणकडा
मग माहितीचा अधिकार? २००५ च्या कायद्याचं नावच तसं आहे आणि त्याला कुणी 'माहितीचा हक्क' म्हणत नाही. उलट महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा 'लोकसेवा हक्क' म्हणून आला. शिक्षणालाही आपण 'शिक्षण हक्क'च म्हणतो. सरकारचाच ताळमेळ नाही.

शिवाय 'अधिकार'ला मराठीत पात्रतेची जुनी छटा आहे. 'गाण्यात त्यांचा अधिकार मोठा' म्हणतो तेव्हा आपण सत्तेबद्दल बोलत नसतो, साधनेबद्दल बोलतो. माझ्या आईने एका ग्रामसभेत पाणीयोजनेचा खर्च विचारला तेव्हा तिला उत्तर मिळालं, "तुम्हाला तो विचारायचा अधिकार नाही." त्या वाक्यात सत्ताही होती आणि 'तुमची लायकी नाही' हेही होतं. तिने नंतर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि खर्चाचे कागद मिळवले. त्या अर्जावरचा 'अधिकार' हा शब्द तिला फार बळ देऊन गेला. ज्या शब्दाने अडवलं होतं, तोच शब्द तिच्या हातात आला. म्हणून मला 'अधिकार' नागरिकांकडून काढून घ्यावासा वाटत नाही.

काळा कोट
तुमच्या आईंना माझा नमस्कार. मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. माहितीच्या बाबतीत 'अधिकार' रुळलाय आणि तो शोभतोही, कारण तिथे नागरिक सरकारी दप्तर उघडायला लावतो. ते जवळजवळ सत्ता वापरण्यासारखंच आहे.

त्या ग्रामसभेवरून आणखी एक शब्द आठवला, 'राज्य'. आपल्याला राज्य म्हटलं की महाराष्ट्र दिसतो. पण मूलभूत हक्कांच्या भागात बाराव्या कलमाने 'राज्य' या शब्दात संसद, विधिमंडळ, दोन्हीकडची सरकारं आणि स्थानिक प्राधिकरणं असे सगळे धरलेत. ग्रामपंचायतही त्यात आली. तेराव्या कलमात 'राज्याने हक्क हिरावून घेणारा कायदा करू नये' असं आहे, ते दिल्लीपुरतं नाही.

वऱ्हाडी
राज्यघटना की संविधान, यावरही सांगा ना कोणी.

काळा कोट
दोन्ही बरोबर. अधिकृत नाव 'भारताचे संविधान', पण घटनादुरुस्ती, घटनापीठ, घटनाबाह्य हे सगळे 'घटने'वरच उभे आहेत आणि ते कुठे जाणार नाहीत.

शब्दवेडी
सगळं वाचून मथळा नक्की झाला, 'हक्क'. आता शेवटची अडचण. सहावा हक्क पाठात 'सांविधानिक उपाययोजनांचा हक्क' आहे. पाचवीच्या मुलांना तो वाचूनच दम लागतो. आणि माझ्या वडिलांच्या जुन्या पुस्तकात सात हक्क आहेत, मी सहाच लिहिलेत, ते बरोबर ना?

काळा कोट
सहाच बरोबर. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्या भागातून निघाला. आता तो ३००-क कलमात आहे, मूलभूत म्हणून नाही.

सहावा मात्र सगळ्यांत महत्त्वाचा. बत्तिसाव्या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. इथेही आपले दोन शब्द समोरासमोर येतात. बत्तिसाव्यात सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा माणसाचा हक्क आहे, २२६ मध्ये आदेश काढण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकार.

आणीबाणीत हेच दार बंद झालं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की बेकायदा अटकेविरुद्धही कुणाला न्यायालयात येता येणार नाही. हक्क कागदावर तसाच होता, पण विचारायची सोय नव्हती. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरुद्ध गेले. पुढे एकविसावं कलम आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी दुरुस्ती झाली, आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला.

निवृत्त तलाठी
बाई, यासाठी मराठीत शब्द आहे. दाद. फारसीत दाद म्हणजे न्याय. 'दाद मागितली', 'दाद लागली नाही', हे माझ्याकडे येणारी म्हातारी माणसंसुद्धा बोलायची.

शब्दवेडी
ठरलं. भिंतीवर अधिकृत नाव बारीक अक्षरात आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'दाद मागण्याचा हक्क'. रंगारी उद्या सकाळी येतोय.