मदत हवी आहे: फॅलेनोप्सिस ऑर्किडची पानं सुरकुतताहेत. पाणी कमी पडतंय की जास्त? (सांगली)

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. पूर्वेच्या खिडकीत फॅलेनोप्सिसची दोन रोपं आहेत. जांभळं टवटवीत आहे. पांढऱ्याची खालची पानं मात्र मऊ पडलीत आणि त्यांवर उभ्या सुरकुत्या आल्यात, शेंड्याचं पान तेवढं ठीक दिसतं. हे रोप आईच्या खोलीत असतं. ती अंथरुणाला खिळून आहे आणि तिला पडल्या पडल्या तेवढीच फुलं दिसतात, म्हणून ते वाचावं असं फार वाटतं.

कुंडी पारदर्शक, भोकांची. आत पाइनची साल, कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. मुळं चंदेरी दिसली की सकाळी पाणी देते, हिरवी असली की नाही. पाणी बोअरचं आहे, सालीवर पांढरे क्षार दिसायला लागलेत. बाहेर पारा 40 ला टेकलाय.

पानं सुरकुतली म्हणजे तहान, असं एक जण सांगतो. दुसरा म्हणतो मुळं कुजली. दोन्हींचे उपाय एकदम उलटे, मग ओळखायचं कसं?

दुसरं खताचं. धाकट्या दिरांची तासगावला द्राक्षबाग आहे, त्यामुळे 19:19:19 आणि 0:52:34 ही विद्राव्य खतं (आकडे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशचे) घरात कायम असतात. ती ऑर्किडला चालतील का? किती द्यायचं?

प्रतिसाद (साताऱ्याहून)

ताई, दोघंही बरोबर असू शकतात, कारण मूळ मेलं की ते पाणी ओढत नाही आणि ओल्या कुंडीतही पान तहानलेलंच राहतं. फॅलेनोप्सिसला डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडसारखे पाणी साठवणारे जाड दांडे नसतात. त्याचा साठा पानांत आणि मुळांत, म्हणून पान लगेच बोलतं.

रोप कुंडीतून अलगद काढा आणि मुळं चिमटीत दाबून बघा. टणक, पांढरट किंवा हिरवी असली तर पाणी कमी पडतंय. तपकिरी, पोकळ असली आणि ओढल्यावर वरचं आवरण निघून नुसता दोरा हातात राहिला, तर ते मूळ कुजलंय. कुंडीच्या कडेची मुळं चंदेरी दिसत असली तरी मधली साल ओली असू शकते. साल जुनी होऊन तिचा भुगा झाला की असं हमखास होतं.

आपल्याकडे कास पठाराच्या परिसरात किंवा महाबळेश्वरकडे झाडांच्या फांद्यांवर आमरी (रानातली ऑर्किडं) पाहिल्या असतील. धो धो पावसात भिजतात, पण मुळं उघडी असल्यामुळे पाऊस थांबला की वाऱ्याने सुकतात. कुंडीतही हेच साधायचं: भरपूर पाणी, सगळं निथळून जाऊ द्यायचं, मग वारा. शेंड्यात पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या, नाहीतर गाभा कुजतो आणि हे रोप एकाच शेंड्यावर वाढणारं आहे.

बोअरचं पाणी शक्यतो थांबवा. पावसाचं साठवता आलं तर उत्तम, तोवर आरओचं गाळलेलं घ्या. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

खत चालेल, पण बागेचं प्रमाण विसरा. 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, तेही आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून, दोन आठवड्यांतून एकदा. महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर सोडून क्षार धुऊन काढा. या खतातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो आणि सालीत तो मातीइतका सहज लागू पडत नाही, त्यामुळे वाढ सावकाश दिसेल. म्हणून डोस वाढवू नका. आरओच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतं, तेव्हा मधूनच कॅल्शियम नायट्रेट द्या, पण 0:52:34 सोबत एका पाण्यात नाही, साका बसतो. दिरांना हे माहीत असेलच. फुलांसाठी 0:52:34 च्या मागे लागायची गरज नाही. थंडीत रात्री गार झाल्या की फुलाचा दांडा आपोआप येतो.

धागाकर्ती

खूप आभार! काढून पाहिलं. मधली बरीच मुळं पोकळ निघाली, कडेची टणक आहेत. तळाच्या सालीचा चिखल झालाय. आता मुळं छाटून लगेच नव्या सालीत लावू का, की एवढ्या उन्हाळ्यात थांबू? खत कधीपासून सुरू करू?

प्रतिसाद (साताऱ्याहून)

थांबू नका, कूज पुढे सरकते. कात्री ज्योतीवर तापवून, गार करून मेलेली मुळं कापा, टणक एकही कापू नका. उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढीच कुंडी घ्या. नवी साल आधी रात्रभर भिजवून ठेवा. लावल्यावर तीन-चार दिवस पाणी नको, म्हणजे कापलेल्या जागा सुकतील. मग पाणी द्या, पण कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. नव्या मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत खत अजिबात नाही. सुरकुतलेली पानं पुन्हा पहिल्यासारखी ताठ होतीलच असं नाही, तरी तोडू नका, रोप त्यांच्यावरच तग धरतंय. आईंच्या खोलीत तोवर जांभळं ठेवा.