जीपीसीआर जी प्रोटीनला नेमकं करतो काय? जीडीपीचा जीटीपी होतो कसा?

केतकी_बायो:
नमस्कार मंडळी. नोट्समध्ये एकच वाक्य आहे, हार्मोन जीपीसीआरला, म्हणजे पेशीच्या मेंब्रेनमधल्या रिसेप्टरला, चिकटलं की आतल्या जी प्रोटीनवर जीडीपीच्या (दोन फॉस्फेटवाला रेणू) जागी जीटीपी (तीन फॉस्फेटवाला) येतो, आणि पुढे थेट सीएएमपी (पेशीत निरोप पोचवणारा रेणू). मधे काय होतं ते कुठेच नाही. रिसेप्टर जीडीपीला फॉस्फेट लावतो का, किनेज असल्यासारखा? आणि हार्मोन तर बाहेरच राहतं ना, मग आतल्या प्रोटीनला कळतं कसं? नुसतं पाठ करून वैताग आलाय, कुणीतरी नीट सांगा प्लीज.

रेणूवेडा:
फॉस्फेटचं आधी डोक्यातून काढून टाका. जुना जीडीपी अख्खाच्या अख्खा बाहेर पडतो आणि पेशीतला दुसरा तयार जीटीपी त्या जागेत येऊन बसतो. जी प्रोटीनचे अल्फा, बीटा, गॅमा असे तीन भाग, त्यातलं अल्फा सबयुनिट जीडीपीला इतकं घट्ट धरून असतं की तो आपणहून फार हळू सुटतो, सगळा खोळंबा तिथेच, आणि रिसेप्टर फक्त ती पकड सोडवतो. जागा मोकळी झाली की जीटीपीच का येतो, तर पेशीत तो जीडीपीपेक्षा कितीतरी जास्त असतो म्हणून, रिसेप्टर काही निवडानिवड करत नाही.

आता कळतं कसं ते. रिसेप्टरचे सात हेलिक्स (पीळदार भाग) मेंब्रेनमधून आरपार गेलेले असतात. बाहेर ॲड्रेनॅलिन बसलं की सहाव्या हेलिक्सचं आतलं टोक कडेला सरकतं, ॲड्रेनॅलिनचा बीटा-२ रिसेप्टर आणि जीएस (सीएएमपी वाढवणारं जी प्रोटीन) यांची एकत्र रचना संशोधक कोबिल्कांच्या ग्रुपने २०११ मध्ये दिली त्यात हे सरकणं तब्बल १४ अँगस्ट्रॉम (१.४ नॅनोमीटर) आहे. त्यामुळे आतून एक खाच उघडते आणि अल्फाचं शेपूट, म्हणजे सी टर्मिनसचा अल्फा-५ हेलिक्स, तिच्यात शिरतं. या हेलिक्सचं दुसरं टोक जीडीपीच्या कप्प्याला लागून असतं, म्हणून शेपूट तिकडे सरकलं की कप्पा ढिला पडतो, आणि अल्फाचे जे दोन भाग जीडीपीला मधे धरून होते ते फाकतात. ती रचना नेटवर नक्की बघा, फार सुंदर आहे!

पिपेटवाली:
मस्त सांगितलंत. एक भर घालते. जीडीपी गेला आणि जीटीपी अजून आला नाही त्या क्षणी रिसेप्टर आणि जी प्रोटीन एकमेकांना सगळ्यात घट्ट धरतात, आणि रिसेप्टर हार्मोनलाही जास्त घट्ट धरतो. जीटीपी आला की ही पकड सुटते. संशोधक रॉडबेल यांच्या ग्रुपने १९७१ मध्ये यकृताच्या मेंब्रेनवर हेच पाहिलं, जीटीपी टाकला की चिकटलेलं ग्लुकॅगॉन हार्मोन सुटायला लागायचं. आणि जी प्रोटीनच्या उरलेल्या दोन भागांना, बीटा-गॅमाला, विसरू नका हं, हृदयात ॲसिटिलकोलीनने ठोके मंदावतात तेव्हा पोटॅशियम चॅनल बीटा-गॅमाच उघडतात.

केतकी_बायो:
बापरे, आता खरंच डोक्यात शिरलं, थँक्यू दोघांनाही!! मग ते शेपूटच अडवलं तर सगळंच बंद पडेल ना?

रेणूवेडा:
अगदी. डांग्या खोकल्याच्या जंतूंचं पर्टसिस टॉक्सिन तेच करतं, जीआयच्या (सीएएमपी कमी करणारं जी प्रोटीन) शेपटातल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर एडीपी-रायबोज नावाचा तुकडा चिकटवतं, मग रिसेप्टरला ते शेपूट धरताच येत नाही आणि जीडीपी आतच अडकून राहतो. कॉलराचं टॉक्सिनही एडीपी-रायबोजच लावतं पण जीएसच्या आर्जिनीन या अमिनो आम्लावर, तिथे जीटीपी तोडायचं काम बंद पडतं, जीएस चालूच राहतो, आतड्याच्या पेशीत सीएएमपी वाढत जातं आणि क्षार-पाणी बाहेर वाहत राहतं.