लिथियमचे भाव कोसळल्यावर खाणी तग कशा धरतात?

प्रश्न : २०२२च्या अखेरीस टनाला ८,००० डॉलरच्या आसपास गेलेले स्पोड्युमीन (ज्यातून लिथियम काढतात ते खनिज) २०२४मध्ये हजाराच्या खाली आले. तरीही ऑस्ट्रेलियातील बहुतेक कंपन्या बुडाल्या नाहीत, ते कशामुळे?

उत्तर : सगळ्या खाणी सारख्या नसतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीनबुशेस खाणीचे खनिज इतके कसदार आहे की पडत्या भावातही तिथे चार पैसे सुटतात. पिलबारा मिनरल्सने मात्र डिसेंबर २०२४मध्ये पिलगांगूरा येथील छोटा न्गुंगाजू कारखाना थांबवून सारा भर मोठ्या, स्वस्त कारखान्यावर दिला. यंत्रे मोडीत न काढता त्यांची देखभाल चालू ठेवली, म्हणजे भाव चढताच ती पुन्हा सुरू करता येतील.

कोअर लिथियम या दुसऱ्या कंपनीने जानेवारी २०२४मध्ये फिनिस येथील उत्खनन थांबवले, पण आधीच काढून ठेवलेल्या दगडाच्या ढिगांवर प्रक्रिया काही महिने चालूच ठेवली.

प्रश्नकर्ता : म्हणजे बंद खाणीला खर्च नाही?

उत्तर : आहे तर! खड्ड्यातले पाणी उपसावे लागते, पहारा ठेवावा लागतो. त्यासाठी रोकड हवी. मंदीत रोकड उभी करायची तर अल्बेमार्ल या अमेरिकी लिथियम कंपनीचे उदाहरण आहे : तिने मार्च २०२४मध्ये पुढे साध्या समभागांत बदलणारे प्राधान्य समभाग विकून भांडवल उभारले. कर्जापेक्षा मला तो मार्ग शहाणपणाचा वाटतो, जरी जुन्या भागधारकांचा वाटा त्यामुळे पातळ होतो.