फी वाढतीये, शिकवायला मात्र माणूस नाही. पैसा जातो कुठे?

बाकावरचा:
एसवाय बीएस्सीला आहे, अनुदानित कॉलेज. फिजिक्सला कायमचे सर एकच, बाकी तिघं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशावर. त्यातले एक जानेवारीत सोडून गेले, तेव्हापासून त्यांचा पेपर आम्ही यूट्यूबवर शिकतोय. प्रॅक्टिकलला सहा जणांत एक स्पेक्ट्रोमीटर, त्याची पण क्रॉसवायर (दुर्बिणीतून नेम धरायची बारीक तार) तुटलेली, मग काय, सिनियरच्या जर्नलातली रीडिंग उतरवायची. सगळीकडे असंच आहे का?

तासिकावाला:
मी तसलाच सर आहे भावा. प्राध्यापकीची नेट परीक्षा झालीये, पीएचडी झालीये, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या. पैसे तासावर, त्यामुळे मे महिन्यात तास नाही म्हणजे मानधन पण नाही, आणि जे मिळायचं तेही थकलेलं असतं. अनुदानित कॉलेजात पगार सरकार देतं, म्हणून कोणी रिटायर झालं की ती जागा भरायला सरकारची परवानगी लागते आणि गाडी तिथेच अडते. सोडून गेलेल्या सरांना शिव्या घालू नका एवढंच.

जुना_खडू:
कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं होतं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परत तेच ६ टक्के! त्यातही शाळा आणि कॉलेज दोन्ही आलं. आपल्याकडे १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, जागा भरपूर झाल्या हे खरं, पण खर्च पालकांच्या खिशातून. केंद्राच्या संस्थांना इमारती-उपकरणांसाठी २०१७ पासून हेफाचं, म्हणजे त्यासाठीच काढलेल्या सरकारी वित्तसंस्थेचं, कर्ज मिळतं. अनुदान नाही, कर्ज. ते फेडायचं तर फीकडेच बघणार ना कोणीही.

बाकावरचा:
मग कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची ए ग्रेड आमच्या कॉलेजला कशी??

कोपऱ्यातली:
हाहा. आमच्याकडे नॅकची तपासणीची पिअर टीम यायच्या आधी पंधरा दिवस तास बंद, सगळे शिक्षक फायलींत. आम्ही मुली लायब्ररीतल्या पुस्तकांवर लेबलं चिकटवत होतो, कधी कोणी हातात न घेतलेली पुस्तकं पण तेव्हा बघितली. तेव्हा सात निकष होते, शिकवणं हा त्यातला एक, पण सगळ्याचा कागद लागायचा आणि कागद तयार करणारा माणूस तोच, ज्याने वर्गात असायला हवं. नॅक नकोच असं नाही म्हणत मी, त्या निमित्ताने आमचं टॉयलेट तरी दुरुस्त झालं.

जुना_खडू:
@बाकावरचा, क्रॉसवायरचं एक सांगतो. पूर्वी तिथे कोळ्याच्या जाळ्याचा तंतू लावायचे, एकदम बारीक आणि ताठ बसतो. लॅब असिस्टंटला विचारून डिंकाने चिकटवून बघा, निदान रीडिंग तरी स्वतःचं घ्याल.

बाकावरचा:
लॅब असिस्टंटची पण जागा रिकामी आहे सर 😐 जाळी मात्र भरपूर आहेत.