सर्टिफिकेटची मुदत २०० दिवसांवर आली: लोड बॅलन्सर, व्हीपीएन आणि वायफायचं नूतनीकरण कसं बसवायचं?

नोडमास्तर
आमच्याकडे दीडशेच्या आसपास सर्टिफिकेट आहेत. निम्मी पब्लिक सीएची, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या बाहेरच्या संस्थेची (वेबसाइट, मेल, व्हीपीएन गेटवे), बाकी आतल्या विंडोज सीएची (वायफायचं लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर, स्विचची मॅनेजमेंट पेजेस, आतली ॲप्स). सगळा कारभार एक्सेल शीट आणि कॅलेंडर रिमाइंडरवर चालतो.
१) घटलेली मुदत आतल्या सीएलाही लागू आहे का?
२) लोड बॅलन्सरला एसीएमई (सर्टिफिकेट आपोआप घ्यायचा-बदलायचा प्रोटोकॉल) येत नाही. त्याचं काय करायचं?
३) व्हीपीएन गेटवेवर नवं सर्टिफिकेट टाकलंय. ब्राउझरची काही तक्रार नाही, पण जावा क्लायंट आणि काही मोबाइल ॲप 'अनट्रस्टेड' म्हणतात. असं का?

हँडशेक_०४४३
तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते आजच सुटेल. गेटवे इंटरमीजिएट (सर्व्हरच्या सर्टिफिकेटला सीएच्या मूळ, म्हणजे रूट सर्टिफिकेटशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट) पाठवत नाहीये. डेस्कटॉप ब्राउझर ते स्वतः मिळवतो किंवा त्याच्या कॅशेत आधीच असतं. जावा डीफॉल्ट सेटिंगमध्ये असं काही करत नाही, म्हणून तिथे साखळी तुटते. ओपनएसएसएलची एस_क्लायंट कमांड 'शोसर्ट्स' लावून चालवा. साखळीत फक्त ० क्रमांक (सर्व्हरचं) दिसला, १ (इंटरमीजिएट) नसला, की निदान पक्कं. आयपीने जोडत असाल तर सर्व्हरनेम आवर्जून द्या, नाहीतर डीफॉल्ट सर्टिफिकेट समोर येईल आणि तुम्ही भलतंच तपासत बसाल. फाइलमध्ये आधी सर्व्हरचं, मग इंटरमीजिएट. रूट लागत नाही. आणि मागच्या वर्षीचा बंडल परत जोडू नका. सीए मधल्या काळात इंटरमीजिएट बदलतात.

मुदतीचं: सीए/ब्राउझर फोरमच्या नियमाने पब्लिक टीएलएसची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून ३९८ वरून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. खरी मेख वेगळीच आहे: २०२९ मध्ये डोमेन पडताळणीही फक्त १० दिवस पुन्हा वापरता येईल. म्हणजे जवळपास दर नूतनीकरणाला नवी पडताळणी. हाताने जमणारं काम नाही ते.

आतल्या सीएला हे बंधन नाही. मात्र ॲपलची उपकरणं ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं सर्व्हर सर्टिफिकेट नाकारतात, मग रूट तुमचं स्वतःचं का असेना.

लोड बॅलन्सरसाठी एक मधलं मशीन ठेवा. त्यावर एसीएमई क्लायंट, पडताळणी डीएनएस-०१ ने, म्हणजे डीएनएसमध्ये ठरावीक रेकॉर्ड टाकून. मुख्य झोनची चावी त्या मशीनला देऊ नका. चॅलेंजचं (त्या पडताळणीच्या रेकॉर्डचं) नाव सीनेम रेकॉर्डने एका वेगळ्या छोट्या झोनकडे वळवा आणि तेवढ्याच झोनवर लिहायचा अधिकार द्या. सीएए रेकॉर्ड (डोमेनला कोणते सीए सर्टिफिकेट देऊ शकतात ते सांगणारं) असेल तर त्यात नवा सीए आहे ना, पाहा. मिळालेलं सर्टिफिकेट एपीआयने चढवा, प्रोफाइलला जोडा, आणि मग स्क्रिप्टनेच पोर्टवर जोडून सिरियल नंबर ताडून बघावा. जुळला तरच काम झालं म्हणायचं. डिस्कवर फाइल नवी पण मेमरीत प्रोसेस जुनीच, हा प्रकार फार चालतो. जोडीतले दोन्ही नोड वेगवेगळे तपासा.

रेडियसवाला
वायफायच्या ईएपीला (लॉगिनच्या पडताळणीला) पब्लिक सर्टिफिकेट लावू नका. तिथे क्लायंट रूट आणि सर्व्हरचं नाव प्रोफाइलमधून तपासतो. सीएने रूट बदललं की सगळे लॅपटॉप एकदम बाहेर. आतल्या सीएचंच वापरा, रूट आणि नाव ग्रुप पॉलिसी किंवा एमडीएममधून (उपकरणं दुरून सांभाळणाऱ्या सिस्टिममधून) द्या. रूट बदलायचं असेल तर जुनं-नवं दोन्ही असलेलं प्रोफाइल काही आठवडे आधी पोचू द्या. रजेवरचा लॅपटॉप पण नेटवर्कवर यायला हवा. ज्यांनी फोनवर सर्टिफिकेट हाताने 'ट्रस्ट' केलंय, त्यांना दर बदलाला पुन्हा विचारणा होणारच.

शीटमध्ये हमखास राहून जाणाऱ्या दोन ओळी: ऑफलाइन रूटच्या सीआरएलची (रद्द केलेल्या सर्टिफिकेटच्या यादीची) 'नेक्स्ट अपडेट' तारीख, आणि इश्यूइंग सीएचं (रोजची सर्टिफिकेट देणाऱ्या सीएचं) स्वतःचं सर्टिफिकेट. सीआरएल शिळी झाली की एकही सर्टिफिकेट न संपता ईएपी-टीएलएस (सर्टिफिकेटवर चालणारं वायफाय लॉगिन) बंद पडतं, आणि लोक तासभर स्विच तपासत बसतात. इश्यूइंग सीएचे आठ महिने उरले असतील तर टेम्प्लेटवर दोन वर्षं लिहिली तरी सर्टिफिकेट आठच महिन्यांचं निघतं, तेही गुपचूप.

फ्लॅश_मेमरी
जुन्या पेट्या विसरू नका. सिस्कोच्या जुन्या आयओएसमधली स्वतःच बनवलेली सर्टिफिकेट १ जानेवारी २०२० लाच संपली, आणि त्यानंतर त्या आवृत्त्यांवर नवी बनतही नाहीत; फर्मवेअर बदलावं लागतं किंवा सीएकडून सर्टिफिकेट आणावं लागतं. जुन्या ॲक्सेस पॉइंटमध्ये कारखान्यातून आलेलं सर्टिफिकेट साधारण दहा वर्षांचं. ते संपलं की एपी रीबूटनंतर कंट्रोलरला जोडलाच जात नाही. कंट्रोलरवर कालबाह्यता दुर्लक्षित करायची सेटिंग असते, ती रीबूटच्या आधी लावा. घड्याळही बघा: एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय) नसलेली पेटी वीज गेल्यावर जुन्या तारखेला उठते आणि चांगल्या सर्टिफिकेटला 'अजून वैध नाही' म्हणते.

फर्मवेअर नेहमी स्टँडबायवर आधी, हॅश ताडून, कॉन्फिगचा बॅकअप पेटीबाहेर ठेवून. आणि फर्मवेअर व सर्टिफिकेट एकाच रात्री बदलू नका. बिघडलं तर कशाने, ते कळत नाही.

नोडमास्तर
साखळीत खरंच फक्त ० होतं. इंटरमीजिएट जोडलं, जावा क्लायंट चालू झाले. आता अलर्ट किती दिवसांवर ठेवू?

हँडशेक_०४४३
एक तृतीयांश मुदत उरली की नूतनीकरण: २०० ला साधारण ६५ दिवस आधी, ४७ ला १५. अलर्ट त्याच्या थोडा खाली, ५० आणि १०. म्हणजे अलर्ट वाजला की ऑटोमेशन अडकलंय, हे लगेच कळतं. तपासणी पोर्टवरून करा, शीटवरून नको. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याचे ईमेल २०२५ मध्येच बंद केलेत, त्या भरवशावरही राहू नका.