‘सापडला नाही’ म्हणजे ‘घेतलं नाही’ का?

घाटवेडा:
१४ जुलै २०२४ ची प्लातो द बेईची चढण इथल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतला, पिरेनीज डोंगररांगेतला हा घाट, जवळपास १६ किलोमीटर लांब, सरासरी चढ आठ टक्क्यांच्या आसपास. तिथला सर्वांत कमी वेळ १९९८ पासून इटलीचा सायकलपटू मार्को पांतानीच्या नावावर होता. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने तो तीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. दुसऱ्या आलेल्या विंगेगार्डनेही पांतानीला मागे टाकलं.

मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो. शेवटचे दोन किलोमीटर राहिले आणि माझा आवाजच गेला. कारण पांतानी कुठल्या काळातला, हे मला ठाऊक आहे: डोपिंगच्या. त्याच १९९८ च्या टूरआधी तीन दिवस फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्हूट फ्रान्सच्या सीमेवर गाडीभर ईपीओ आणि ग्रोथ हार्मोनसकट पकडला गेला होता. ईपीओने रक्तातल्या लाल पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. तेव्हा ते शोधणारी चाचणीच नव्हती. फक्त रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढा नियम. म्हणजे ४९ पर्यंत सगळं माफ! पांतानीच्या १९९८ च्या नमुन्यांत ईपीओ असल्याचं पुढे २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालातून बाहेर आलं.

त्या पांतानीपेक्षा तीन मिनिटं वेगवान. पोगाचारवर माझा आरोप नाही, माझ्याकडे काडीचा पुरावा नाही. पण मनात शंका येते, आणि तिची मला लाज वाटत नाही. ती या खेळानेच माझ्या मनात पेरली आहे. तुम्हाला काय वाटतं?

कॅडेन्स९०:
साफ असहमत. घड्याळ हा पुरावा नाही. १९९८ ची सायकल आजच्यापेक्षा जड होती, टायर अरुंद आणि खूप हवा भरलेले, कपडे वाऱ्यात फडफडणारे. त्या दिवशी घाटाच्या पायथ्यापासून विंगेगार्डच्या संघाने जीव तोडून वेग लावला होता आणि पोगाचार बराच वेळ विंगेगार्डच्या चाकामागे, वाऱ्यापासून आडोशाला बसून होता. आणि खाणं! पूर्वी तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली तरी खूप वाटायचं, आज १२० ग्रॅमपर्यंत घेतात, त्यासाठी पोटाला महिनोन्‌महिने सवय लावतात. मी स्वतः सिंहगड चढताना एनर्जी जेल नीट घ्यायला लागलो, तेव्हा शेवटच्या वळणांवर पाय जड व्हायचे थांबले. शिवाय २००८ पासून बायोलॉजिकल पासपोर्ट आहे, प्रत्येकाच्या रक्ताची तुलना त्याच्याच जुन्या रक्ताशी होते. हा माणूस एकदाही सापडलेला नाही. मग त्याने आणखी काय करायचं?

रेवती:
कॅडेन्सदादा, सायकल आणि खाण्याबद्दलचं सगळं मान्य. पण ‘एकदाही सापडलेला नाही’ हे वाक्य वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो. हेच वाक्य सात वेळा टूर जिंकलेला अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं म्हणत होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती एमा ओ’रायली. आर्मस्ट्राँगच्या संघातली आयरिश मालिशवाली. १९९९ च्या टूरआधी दंडावरचे सुयांचे डाग झाकायला त्याने तिच्याकडे मेकअप मागितला. विचार करा, रोज ज्याचे पाय ती तासभर दाबायची, त्याच्या दंडावर तिनं दिलेला मेकअप. त्याच टूरमध्ये त्याच्या लघवीत कॉर्टिकोस्टेरॉइड निघालं, तेव्हा सायकलच्या सीटने घासून झालेल्या जखमेवरच्या मलमाची, मागची तारीख घातलेली डॉक्टरची चिठ्ठी तयार झाली. ते कसं ठरलं, हे मालीश करता करता तिच्या कानावर पडलं. तिचं म्हणणं २००४ मध्ये छापून आलं, तर तिला दारुडी म्हटलं, वेश्या म्हटलं, कोर्टकचेरी मागे लावली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने सगळं उघड केलं ते प्रामुख्याने साक्षींच्या बळावर, आणि त्यात आर्मस्ट्राँगचे ११ जुने सहकारी होते. त्याची सातही विजेतेपदं गेली. त्या सात वर्षांपुढे विजेता म्हणून आजही कुणाचं नाव नाही.

फेस्टिना सीमेवरच्या तपासणीत पकडलं गेलं, आर्मस्ट्राँग माणसांच्या तोंडून. म्हणून ‘चाचणीत काय निघालं’ याच्याआधी मी विचारते, त्या संघात काम करणाऱ्या माणसाला आज तोंड उघडता येतं का?

नाशिकचा_चाकवाला:
मी राष्ट्रीय स्पर्धा खेळलोय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. एकदा शर्यत संपल्या संपल्या डोपिंग चाचणीचा एक माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि मग सावलीसारखा सोबत. ९० मिलिलिटर लघवी द्यायची. अंगातलं पाणी आटलेलं, होतच नव्हती. दोन तास सीलबंद बाटल्यांतलं पाणी पीत बसलो. मग टी-शर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली, आणि समोर तो बघतोय. नमुन्याच्या अ आणि ब अशा दोन बाटल्यांची झाकणं मीच घट्ट लावली, हात थरथरत होते.

निकाल स्वच्छ. पण गावात आल्यावर पानटपरीवर पहिला प्रश्न, “काय घेतलं होतंस रे?” माझी आई शेजारीच उभी होती. संशय घेणाऱ्याचं काही जात नाही हो. पहाटे चारला उठून गंगापूर धरणाच्या रस्त्यावर घासलेली वर्षं एका वाक्यात मातीला मिळतात. टूर जिंकणाऱ्या क्रिस फ्रूमवर २०१५ मध्ये भर शर्यतीत एका प्रेक्षकाने लघवी फेकली. ही शंका म्हणायची का?

कॅडेन्स९०:
+१. आणि फ्रूमची २०१७ ची दम्याच्या औषधाची केस आठवा. प्रमाण मर्यादेबाहेर निघालं, बातमी फुटली, जगाने त्याला चोर ठरवलं. २०१८ मध्ये प्रकरण बंद झालं, बंदी आली नाही. ते किती जणांच्या लक्षात आहे?

रेवती:
बातमी फुटली नसती तर असं काही प्रकरण आहे हे आपल्याला कळलं तरी असतं का?

घाटवेडा:
चाकवालेदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईसमोर तो प्रश्न यायला नको होता. माझ्या धाग्यानेही तशा पानटपरीला बळ मिळत असेल, हे मला आधी सुचलं नव्हतं.

तरी एक नाव सांगतो. फेस्टिना संघातला फ्रेंच सायकलपटू क्रिस्तोफ बासों. फेस्टिनाच्या चौकशीत सहकाऱ्यांनीच सांगितलं होतं की हा घेत नाही. १९९९ च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात लिहायचा की खेळ अजून साफ झालेला नाही. आल्प द्युएझ घाटाच्या टप्प्यात आर्मस्ट्राँगने त्याच्याजवळ सायकल आणून त्याला घरी जायला सांगितलं. बाकीच्यांनी बोलणं टाकलं. थोड्याच दिवसांत त्याने शर्यत सोडली. तेव्हा आपण सगळे टाळ्या वाजवत होतो, मी पण. प्रेक्षकांनी थोडी शंका घेतली असती तर तो इतका एकटा पडला नसता.

गोव्याहून_मंदार:
मला पोगाचारपेक्षा, धड बंदीही नाही आणि धड योग्यही नाही अशा करड्या पट्ट्याची काळजी आहे. उंचीवरच्या सरावात रक्ताचं मोजमाप करायला काही संघ कार्बन मोनॉक्साइड हुंगायला देत होते. मोजायला एकदा ठीक, पण वारंवार हुंगला तर लाल पेशी वाढू शकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक सायकलिंग संघटनेने वारंवार हुंगण्यावर बंदी आणली. त्याआधी हे नियमात बसत होतं. मोटारींच्या धुरातला विषारी वायू! ‘सापडला नाही’ आणि ‘नियमात बसतं’ यांच्यामध्ये केवढी मोठी जागा आहे बघा.

रेवती:
चाकवालेदादा, राग मानू नका, पण विचारते. तुमच्या वेळी सोबतच्या मुलांपैकी कुणी घेत होतं का? आणि तुम्ही कुणाला सांगितलंत का?

नाशिकचा_चाकवाला:
राग नाही, ताई. सकाळपासून हाच प्रश्न कुणीतरी विचारेल असं वाटत होतं.

हो. एका शिबिरात माझ्या खोलीतल्या पोराच्या बुटात मोज्यात गुंडाळलेली सिरिंज होती. माझा बूट समजून मी हात घातला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मोजा परत आत कोंबला. रात्री आम्ही एकत्र जेवलो. दोन दिवसांनी तो माझ्या पुढे आला, मी चौथा. कोचला सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.