व्हॅटसिमवर क्लिअरन्सचा रीडबॅक जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. लहानपण सोनेगाव विमानतळाजवळ गेलं, त्यामुळे विमानांचं वेड जुनंच. घरी सिम्युलेटरवर हात बसलाय, आता व्हॅटसिमवर, म्हणजे जिथे सिम्युलेटरवाले ऑनलाइन एकत्र उडतात आणि खरी माणसं हवाई वाहतूक नियंत्रक (कंट्रोलर) होतात त्या नेटवर्कवर, खऱ्या माणसाच्या कंट्रोलखाली उडायचंय. खातं उघडलं, सिम्युलेटर त्याला जोडणारं व्हीपायलट हे सॉफ्टवेअर टाकलं. कंट्रोलर नसेल तेव्हा १२२.८०० या युनिकॉमवर (सगळ्यांच्या सामायिक फ्रिक्वेन्सीवर) आपली हालचाल कळवायची, इथवर समजलं.

अडलंय ते बोलण्यात. परवा मुंबईहून नागपूरचा फ्लाइट प्लॅन भरून क्लिअरन्स (त्या मार्गाने जायची परवानगी) मागितला. कंट्रोलरनी रनवे, डिपार्चर (बाहेर पडायचा ठरलेला मार्ग), सुरुवातीची उंची, स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड) सगळं एका दमात सांगितलं. माझ्या कागदावर स्क्वॉकचे दोनच आकडे उतरले, आणि रीडबॅकला, म्हणजे ऐकलेलं तसंच परत म्हणून दाखवायला, तोंडच उघडेना. घाबरून डिस्कनेक्ट केलं. त्या माणसाचा वेळ वाया घालवला, याचं फार वाईट वाटतंय.

क्लिअरन्स भराभर लिहून घ्यायला तुम्ही कोणत्या खुणा वापरता? ‘पुन्हा सांगा, हळू’ म्हटलेलं चालतं ना? की आधी काही दिवस नुसतं ऐकत बसू? टेक्स्टवरही बोलता येतं, पण मला आवाजावरच शिकायचंय.

नागपुरातलं कुणी उडवत असेल तर रविवारी सोबत सराव कराल का? कंट्रोलर बनून मला क्लिअरन्स वाचून दाखवला तरी खूप होईल.